शिफ्टर घडवताना: रूप बदलल्यावर सोबत काय येते

बायोवेअरच्या २००२ मधील ‘नेव्हरविंटर नाइट्स’ या रोल-प्लेइंग संगणक गेममध्ये ड्रुइड या निसर्गाशी जोडलेल्या मंत्रधारी क्लासला (पात्राच्या वर्गाला) पहिल्यापासूनच प्राण्याचे रूप घेता येत होते; मात्र रूप बदलणे हाच ज्याचा मुख्य धंदा आहे असा शिफ्टर नावाचा प्रेस्टिज क्लास (ठरावीक अटी पूर्ण केल्यावरच घेता येणारा क्लास) २००३ मध्ये ‘हॉर्ड्स ऑफ द अंडरडार्क’ या विस्तारासोबत आला. बीमडॉग या कंपनीने २०१८ मध्ये काढलेल्या एन्हान्स्ड एडिशनमध्येही तो आहे, आणि आजही या गेममधील सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने बांधला जाणारा क्लास तोच असावा. चूक बहुधा एकाच प्रकारची असते. आपण गार्गॉइल किंवा मिनोटॉर होऊन समोरासमोर लढणार, म्हणून खेळाडू स्ट्रेंग्थमध्ये गुण ओततो, चांगली तलवार शोधतो, तलवारीच्या फीट (निवडून घ्यायच्या खास क्षमता) घेतो आणि रूप बदलल्यावर यातले जवळजवळ काहीच शिल्लक नाही हे पाहून गोंधळतो.

म्हणून शिफ्टरच्या बांधणीत प्रत्येक निर्णयापूर्वी विचारायचा प्रश्न एकच आहे: ही गोष्ट रूप बदलताना माझ्यासोबत येते का? स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळता) आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) हे तीन शारीरिक गुण येत नाहीत. त्यांच्या जागी त्या रूपाचे स्वतःचे आकडे बसतात. नवे मंत्र टाकण्याची क्षमताही रूपात असेपर्यंत बंद होते. याउलट विज्डम (शहाणपण), इंटेलिजन्स (बुद्धी) आणि करिझ्मा (छाप) जसेच्या तसे राहतात, बेस अटॅक बोनस (हल्ला लागण्याचा मूळ अंक) राहतो, सेव्हिंग थ्रो (धोका टाळण्याची फाशांची चाचणी), फीट आणि स्किल (कौशल्ये) राहतात, क्लासमधून मिळालेली इव्हेजनसारखी वैशिष्ट्ये राहतात आणि रूप घेण्यापूर्वी टाकलेल्या संरक्षक मंत्रांचा परिणामही टिकतो. साधनसामग्री मात्र या दोन्ही बाजूंच्या मध्ये लटकलेली असते. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

गुणवाटप

या गेममध्ये सहाही गुण ८ पासून सुरू होतात आणि वाटायला ३० पॉइंट मिळतात. १४ पर्यंत प्रत्येक पायरीला एक, १५ व १६ साठी दोन-दोन आणि १७ व १८ साठी तीन-तीन पॉइंट मोजावे लागतात. शिफ्टरसाठी विज्डम १८ ठेवावे. त्याला १६ पॉइंट जातात. उरलेल्या १४ पैकी सहा कॉन्स्टिट्यूशनवर आणि सहा इंटेलिजन्सवर खर्च करून दोन्ही १४ करावेत, आणि शेवटच्या दोन पॉइंटनी डेक्स्टेरिटी १० वर आणावी. स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा ८ वरच राहतील. कॉन्स्टिट्यूशन रूपात बदलते हे खरे, पण पहिल्या पाच-सहा लेव्हल आपण बराच काळ माणूस म्हणूनच वावरतो आणि तेवढ्या काळात जिवंत राहणेही गरजेचे असते. स्ट्रेंग्थ ८ चा खरा त्रास लढाईत होत नाही, ओझे वाहताना होतो. माझ्या पहिल्या शिफ्टरने कोणाच्याही कामाची नसलेली तीन चिलखते विकण्याच्या आशेने पाठीवर घेतली होती आणि अख्खी गुहा त्याने रांगत पार केली. वजन कमी करणारी पिशवी मिळेल तेव्हा लगेच घ्यावी.

फीट निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फीटच्या अटी मूळ गुणांवर तपासल्या जातात, घेतलेल्या रूपाच्या गुणांवर नाही. मिनोटॉर कितीही दणकट असला तरी मूळ स्ट्रेंग्थ ८ असलेल्या पात्राला पॉवर अटॅक घेता येत नाही, कारण तिला १३ लागते. शिफ्टर होण्यासाठी अलर्टनेस ही फीट सक्तीची आहे. ती पहिल्याच लेव्हलला उरकून टाकावी. पुढे टफनेस, ब्लाइंड-फाइट, आयर्न विल अशा, ज्यांना शारीरिक गुणांची अट नाही आणि ज्या कोणत्याही रूपात कामाला येतात, त्या फीट घ्याव्यात. विशिष्ट शस्त्राशी बांधलेल्या फीटवर खर्च करू नये, कारण निम्म्याहून अधिक रूपांना हातच नाहीत.

जोडीदार क्लास कोणता

अलर्टनेसखेरीज शिफ्टरसाठी वाइल्ड शेप (प्राण्याचे रूप घेण्याची क्षमता) आणि तिसऱ्या श्रेणीचे मंत्र टाकण्याची क्षमता लागते. दोन्ही गोष्टी ड्रुइडला पाचव्या लेव्हलवर मिळतात, त्यामुळे ड्रुइडच्या पाच लेव्हल हा पाया ठरलेलाच आहे. मूळ नियमांनुसार एका पात्राला तीनच क्लास घेता येतात. ड्रुइड आणि शिफ्टर यांनी दोन जागा अडवल्यावर तिसरी जागा कोणाला द्यायची, यातच या बांधणीची सगळी गंमत आहे.

माझे उत्तर मंक (निःशस्त्र लढणारा संन्यासी) असे आहे, तेही बहुतेक वेळा एकच लेव्हल. अंगात चिलखत आणि हातात ढाल नसताना मंकचा विज्डम बोनस आर्मर क्लासमध्ये (शत्रूचे वार चुकवण्याच्या अंकात) मिळतो, आणि विज्डम तर रूपासोबत येणारा गुण आहे. सुरुवातीला १८ विज्डमवर हा बोनस ४ असतो. पात्र पुढे ३० विज्डमपर्यंत पोहोचले की तो १० होतो. इतका टिकाऊ आर्मर क्लास एका लेव्हलच्या किमतीत दुसरा कोणताही क्लास देत नाही. शिवाय पहिल्याच लेव्हलला तिन्ही सेव्हिंग थ्रोमध्ये २ ची भर पडते आणि इव्हेजन मिळते, म्हणजे रिफ्लेक्स सेव्ह यशस्वी झाली तर आगीचा गोळा किंवा ड्रॅगनचा फूत्कार यांपासून शून्य इजा होते. शिफ्टरची रिफ्लेक्स सेव्ह मुळातच चांगली असल्याने हे वैशिष्ट्य इथे वाया जात नाही. मंकच्या मुठीची वाढलेली इजा मात्र पंजे आणि दातांना लागू होत नाही, तेव्हा त्या आशेने मंकच्या लेव्हल वाढवत बसू नये.

एक अडचण आहे ती अलाइनमेंटची (पात्राच्या नैतिक कलाची). मंक लॉफुल (नियम पाळणारा) असावा लागतो आणि ड्रुइडला कोणत्या तरी एका बाजूने न्यूट्रल (तटस्थ) असावे लागते. या दोन्ही अटी पाळणारे अलाइनमेंट एकच, लॉफुल न्यूट्रल. पात्र तयार करतानाच ते निवडावे. वंश मानव ठेवावा. मानवाला पहिल्या लेव्हलवर जास्तीची फीट आणि दर लेव्हलला जास्तीचा स्किल पॉइंट मिळतो हे एक कारण; त्याहून महत्त्वाचे कारण असे की दोन मूळ क्लासच्या लेव्हलमध्ये एकापेक्षा जास्त अंतर पडले तर अनुभवगुणांत २० टक्के कपात होते, पण मानवाचा सर्वांत मोठा क्लास या हिशेबातून वगळला जातो. मंक १ आणि ड्रुइड ९ (म्हणजे मंकची एक आणि ड्रुइडच्या नऊ लेव्हल) असा मानव त्यामुळे काहीच दंड भरत नाही. विझार्ड हा आवडता क्लास असलेला एल्फ मात्र भरतो. प्रेस्टिज क्लास या मोजणीत येत नाहीत.

लेव्हलचा क्रम

पहिली लेव्हल मंकची घ्यावी. दुसरी ते सहावी ड्रुइडच्या घ्याव्यात. सहाव्या लेव्हलवर ड्रुइड ५ होतो आणि वाइल्ड शेप मिळते. सातवी ते सोळावी शिफ्टरला द्यावी. शिफ्टरच्या पहिल्या लेव्हलला ग्रेटर वाइल्डशेपचा पहिला टप्पा म्हणजे पाच रंगांचे वर्मलिंग (ड्रॅगनची पिल्ले) मिळतात, तिसऱ्याला हार्पी, गार्गॉइल आणि मिनोटॉर, पाचव्याला बॅसिलिस्क, ड्रायडर आणि मँटिकोर, सातव्याला ड्राउ, लिझर्डफोक आणि कोबोल्ड कमांडो ही मानवसदृश रूपे, आणि दहाव्याला डायर टायगर, मेड्युसा व माइंड फ्लेयर. वर सांगितलेल्या क्रमाने गेल्यास हे टप्पे पात्राच्या ७, ९, ११, १३ आणि १६ या लेव्हलवर येतात. सातव्या आणि आठव्या लेव्हलवर थोडा धीर धरावा लागतो. वर्मलिंग दिसायला देखणे असले तरी त्यांचा कंटाळा लवकर येतो, आणि क्लास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो गार्गॉइल हाती आल्यावर.

शिफ्टर १० झाल्यावर नियमच थांबवतो: पात्राची एकूण लेव्हल २० होईपर्यंत कोणताही प्रेस्टिज क्लास दहाच्या पुढे नेता येत नाही. म्हणून १७ ते २० या चार लेव्हल ड्रुइडला द्याव्यात. हा नाइलाज वाटला तरी त्याचा फायदा होतो. शिफ्टरच्या लेव्हलने ड्रुइडची मंत्रशक्ती वाढत नाही. ड्रुइड ५ वर अडकलेल्या पात्राची बार्कस्किन (त्वचा कठीण करणारा मंत्र) आर्मर क्लासमध्ये ३ ची भर घालते, तर ड्रुइड ७ झाल्यापासून ती ४ ची होते. सातव्या लेव्हलला फ्रीडम ऑफ मूव्हमेंट येतो, आणि नवव्या लेव्हलला पाचव्या श्रेणीचे मंत्र उघडतात, ज्यांत आउल्स इनसाइट आहे. हा मंत्र टाकणाऱ्याच्या लेव्हलच्या निम्म्याने विज्डम वाढवतो. मंकमुळे तीच वाढ आर्मर क्लासमध्येही उतरते, आणि सगळे टाकून झाल्यावर रूप घेतले तरी ती सोबत येते. त्यामुळे क्रम कायमचा अंगवळणी पाडावा: आधी मंत्र, मग रूप, मग दार उघडणे. घाईत रूप घेऊन नंतर मंत्र आठवले, तर रूप सोडण्याशिवाय इलाज नसतो.

हल्ल्यांचा हिशेब

आता ज्यावर सर्वांत जास्त वाद होतो तो मुद्दा. एका फेरीत किती हल्ले होतील हे पहिल्या २० लेव्हलमध्ये जमलेल्या बेस अटॅक बोनसवर कायमचे ठरते: ६ ला दुसरा हल्ला, ११ ला तिसरा, १६ ला चौथा. विसाव्या लेव्हलनंतर क्लास कोणताही असो, बोनस एकाच गतीने वाढतो आणि हल्ल्यांची संख्या वाढत नाही. ड्रुइड, मंक आणि शिफ्टर या तिघांचीही गती चार लेव्हलला तीन अशी आहे, आणि प्रत्येक क्लासचा हिशेब स्वतंत्रपणे करून अपूर्णांक सोडून दिला जातो. मंक १ चे शून्य, ड्रुइड ९ चे ६ आणि शिफ्टर १० चे ७ मिळून १३ होतात. मंक न घेता ड्रुइड १० आणि शिफ्टर १० केले तर १४ होतात. दोन्हीकडे हल्ले तीनच, म्हणजे मंकच्या एका लेव्हलची किंमत एक अंक आहे, हल्ला नव्हे. ‘मंकमुळे हल्ले कमी होतात’ असे ऐकून जे ती लेव्हल टाळतात त्यांनी ही बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

चौथा हल्ला हवाच असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे. फायटर ४, ड्रुइड ८ आणि शिफ्टर ८ अशी वाटणी केल्यास ४, ६ आणि ६ मिळून बरोबर १६ होतात, कारण तिन्ही आकडे चारच्या पटीत असल्याने अपूर्णांकात काहीच वाया जात नाही. फायटरच्या तीन जास्तीच्या फीटही पदरात पडतात. किंमत अशी की मंकची जागा गेली, त्यामुळे विज्डमचा आर्मर क्लासशी संबंध तुटला, आणि माइंड फ्लेयर व मेड्युसा सोळाव्याऐवजी बाविसाव्या लेव्हलवर मिळणार. मिनोटॉर किंवा ड्राउ अशा शस्त्रधारी रूपांतच ज्याला राहायचे आहे त्याने हा सौदा करावा. नजरेने दगड करणारा बॅसिलिस्क किंवा मेंदू बधिर करणारा माइंड फ्लेयर ज्याला आवडतो त्याने करू नये, कारण त्या शक्तींना शत्रूने द्यायच्या प्रतिकाराचा आकडा शिफ्टरची लेव्हल आणि विज्डम यांच्यावर चढतो. चौथ्या हल्ल्याचा तिथे काही उपयोग नाही.

रोग (चोरट्या चालीचा क्लास) हा तिसरा चांगला पर्याय आहे, विशेषतः लॉफुल न्यूट्रल पात्राची भूमिका ज्यांना जाचक वाटते त्यांच्यासाठी. रोगच्या तीन लेव्हलमध्ये २ डी ६ (दोन सहा-बाजूंच्या फाशांएवढा) स्नीक अटॅक म्हणजे बेसावध शत्रूवरचा जास्तीच्या इजेचा वार, इव्हेजन आणि अनकॅनी डॉज मिळतात, आणि स्नीक अटॅक पंजांनीही लागतो. अदृश्य होऊ शकणाऱ्या कोबोल्ड कमांडोसोबत ही जोडी छान जमते. मृतात्मे आणि यंत्रमानव यांच्यावर मात्र स्नीक अटॅक चालत नाही. बार्बेरियन आणि रेंजर घेऊन केलेल्या बांधण्या मी पाहिल्या आहेत. त्या चालतात, पण त्यांची बहुतेक शिदोरी रूपाच्या उंबरठ्यावरच राहते.

साधनसामग्रीचे विलीनीकरण

रूप घेताना अंगावरच्या सगळ्या वस्तू उतरतात, पण त्यांचे जादुई गुण रूपात मिसळू शकतात. प्रत्येक रूपासाठी गेमने तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरवलेल्या आहेत: शस्त्राचे गुण मिसळणार का, चिलखत, शिरस्त्राण आणि ढाल यांचे मिसळणार का, आणि अंगठ्या, ताईत, झगा, पट्टा, बूट अशा इतर वस्तूंचे मिसळणार का. एका रूपात तिन्हींची उत्तरे होकारार्थी असू शकतात, दुसऱ्यात एखादेच. त्यामुळे ‘शिफ्टरसाठी सर्वोत्तम वस्तू’ अशी एकच यादी करता येत नाही. आपण ज्या दोन-तीन रूपांत जास्तीत जास्त वेळ राहणार, त्यांच्यासाठीच खरेदी करावी.

हे तपासण्याची खात्रीशीर रीत सोपी आहे. सुरक्षित जागी उभे राहावे, एकच जादुई वस्तू अंगावर ठेवावी, कॅरेक्टर शीटवरचे आकडे लिहून घ्यावेत, रूप घ्यावे आणि पुन्हा पाहावे. मग ती वस्तू काढून तेच रूप परत घ्यावे. दोन वेळच्या आकड्यांत फरक नसेल तर त्या रूपात ती वस्तू मिसळत नाही. आर्मर क्लासबाबत विशेष सावध राहावे: मानवी रूपात अंगठी, बूट आणि ताईत यांचे बोनस वेगवेगळ्या प्रकारचे असल्याने एकमेकांत मिळतात, पण रूपात ते तसेच मिळतील असे गृहीत धरू नये. बांधणी मंकची असेल तर चिलखताच्या जागी साधे कपडे वापरावेत आणि ढालीचा मोह टाळावा.

आणखी एक खड्डा असा आहे की विज्डम वाढवणाऱ्या किंवा जास्तीच्या मंत्रजागा देणाऱ्या वस्तूमुळे जे मंत्र आपण लक्षात ठेवलेले असतात, ते रूप घेताना वस्तू उतरताच नाहीसे होतात आणि परत माणूस झाल्यावर पुन्हा विश्रांती घेतल्याशिवाय येत नाहीत. त्या जागांमध्ये रूप घेण्याआधी टाकायचेच मंत्र ठेवावेत, म्हणजे नुकसान होत नाही. वापरातली रूपे क्विकबारवर (पडद्यावरच्या झटपट बटणांच्या पट्टीवर) लावून ठेवावीत. लढाईच्या मध्यात मेनूमधून रूप शोधत बसणे धोक्याचे असते. ड्रुइडच्या मूळ वाइल्ड शेपला मुदतही असते, ड्रुइडच्या दर लेव्हलला गेममधील एक तास. नेहमीच्या मॉड्यूलमध्ये (मोहिमेत) तो तास घड्याळातल्या दोन मिनिटांचा असतो, म्हणजे ड्रुइड ५ चे अस्वल दहा मिनिटांत पुन्हा माणूस होते.

एपिक लेव्हल आणि ड्रॅगन

मूळ गेमची मर्यादा २० लेव्हलची होती; ‘हॉर्ड्स’ने ती ४० केली. एकविसाव्या लेव्हलपासून पुन्हा शिफ्टर वाढवावा. या टप्प्यावर राक्षस आणि अझर यांसारखी आउटसायडर रूपे, रायझन लॉर्ड आणि व्हॅम्पायर यांसारखी अनडेड रूपे, गोलेमची कन्स्ट्रक्ट रूपे आणि अखेरीस ड्रॅगन शेप या एपिक (विसाव्या लेव्हलनंतरच्या) फीट दिसू लागतात. ड्रॅगन शेपमध्ये लाल, निळा आणि हिरवा असे तीन ड्रॅगन आहेत, आणि तिची अट ३० विज्डम ही आहे. हे विज्डम मूळचे असावे लागते. वस्तूंमुळे वाढलेले मोजले जात नाही.

हा हिशेब सुरुवातीलाच मांडून ठेवावा. दर चार लेव्हलला एक गुण वाढतो, म्हणून १८ ने सुरू केलेले विज्डम विसाव्या लेव्हलला २३ होते. २१ ला ग्रेट विज्डम (विज्डम एकने वाढवणारी फीट) घेऊन २४, चोविसाव्या लेव्हलला गुण आणि ग्रेट विज्डम मिळून २६, सत्तावीसला २७, अठ्ठावीसला २८, तीसला २९ आणि बत्तीसला ३०. पुढची साधी फीट ३३ व्या लेव्हलला येते, तेव्हा ड्रॅगन शेप घ्यावी. क्लासकडून मिळणाऱ्या बोनस फीट नीट वापरल्या तर हे थोडे अलीकडेही आणता येते. वाटेत एखादा गुण जरी कॉन्स्टिट्यूशनला दिला तरी ३२ वर विज्डम २९ राहते आणि ड्रॅगन आणखी लांबतो. जुन्या विस्तारांत खेळणाऱ्या आणि ३० व्या लेव्हलच्या आसपास कथा संपणाऱ्या खेळाडूने ड्रॅगनचा नाद सोडून राक्षस किंवा रायझन लॉर्ड यांच्यावर फीट खर्च कराव्यात हे बरे. ड्रॅगन हेच ज्याचे एकमेव उद्दिष्ट आहे त्याने शुद्ध ड्रुइडचाही विचार करावा, कारण त्यालाही ड्रॅगन शेप घेता येते आणि शिवाय नवव्या श्रेणीपर्यंतचे मंत्र हाताशी असतात.

राहता राहिले टंबल, म्हणजे कोलांट्या घेऊन वार चुकवण्याचे स्किल. या स्किलच्या दर पाच मूळ रँकला आर्मर क्लासमध्ये एक अंक मिळतो आणि तो कोणत्याही रूपात टिकतो. ड्रुइड आणि शिफ्टर यांना ते परके स्किल असल्याने प्रत्येक रँकला दुप्पट खर्च येतो, पण न वापरलेले स्किल पॉइंट गेम पुढच्या लेव्हलसाठी जपून ठेवतो. म्हणून पहिल्या लेव्हलला मंक म्हणून चार रँक घ्याव्यात, मधल्या काळात ३६ पॉइंट हळूहळू बाजूला टाकावेत आणि ३७ व्या किंवा त्यापुढच्या लेव्हलला मंकची दुसरी लेव्हल घेऊन टंबल एकदम ४० वर न्यावे. कमाल मर्यादा लेव्हलपेक्षा तीनने जास्त असल्याने ३७ ही त्यासाठीची सर्वांत आधीची लेव्हल आहे. एवढ्याने ८ अंकांची भर पडते. मोहीम लवकर संपणार असेल तर हीच युक्ती शेवटच्या अंदाजित लेव्हलवर वापरावी, आणि रँक पाचच्या पटीत येतील एवढे पाहावे.